गिरणगाव पाहायला निघताना: आजोबांच्या पाळीनं एक दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर ते सातारा जिल्ह्यातल्या गावी परतले आणि पुन्हा मुंबईला गेले नाहीत. आता आजोबा नाहीत, आणि तुम्हाला तुमच्या दहा आणि चौदा वर्षांच्या मुलांना गिरणगाव, म्हणजे मुंबईतला कापड गिरण्यांचा भाग, दाखवायचं आहे. हाताशी एकच दिवस आहे. नातेवाईक म्हणतात, तिथे आता टॉवर आणि मॉलशिवाय काही नाही. तर पाहण्यासारखं काय उरलंय, सुरुवात कुठून करायची आणि गिरण्यांचं एखादं संग्रहालय आहे का?

गेली वीसेक वर्षं मी या भागात लोकांना पायी फिरवतो. माझे वडील रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, होते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता कामाचा नाही. नातेवाईक सांगतात त्यात तथ्य आहे, पण ते गिरण्या शोधतायत. गिरणगाव या शब्दात गिरणी आहे तसं गावही आहे, आणि त्या गावातलं बरंच काही अजून जागेवर आहे. म्हणून माझा सल्ला असा की इमारतींची यादी करून एकेका ठिकाणी टिकमार्क करत जाऊ नका. आजोबांचा दिवस कसा जात होता तो क्रम धरा आणि त्या क्रमानं चाला. पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, आणि तिसरी म्हणजे रात्रपाळी बारा ते सकाळी सात. लालबाग-परळमधलं जेवण, झोप, भजन, तालीम, सगळं या तीन पाळ्यांवर बेतलेलं होतं. हे एवढं मुलांच्या डोक्यात बसलं की पुढचं त्यांना आपोआप दिसायला लागतं.

निघण्याआधीचं काम घरीच आहे आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. आजोबांची जुनी ट्रंक उघडा. गिरणीचा पास, तिकीट नंबर, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, कामगार विम्याचं कार्ड, मुंबईचं रेशनकार्ड, यांतलं काहीतरी बहुतेक घरांत सापडतं. त्यावरून गिरणीचं नाव, खातं आणि राहण्याचा पत्ता या तीन गोष्टी कळतात. नावाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. घरात बोललं जाणारं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असू शकतं, कारण गिरण्यांचे मालक बदलले, नावं बदलली. उदाहरणार्थ, जेकब ससून मिल ही पुढे इंडिया युनायटेड मिल क्रमांक १ झाली. एखादे आजोबा आयुष्यभर जुनंच नाव घेत असतील, तर नातवाला नकाशावर ती गिरणी सापडणारच नाही. आजी किंवा गावातलं दुसरं कुणी मुंबई पाहिलेलं माणूस असेल तर त्यांच्याशी तासभर बसा. खोली कुठे होती, खाणावळ कुणाची होती, गावकऱ्यांचा गाळा, म्हणजे एका गावच्या माणसांची सामाईक खोली, कुठल्या चाळीत होता, एवढंच विचारा. आजोबा कायम होते की बदली, हेही विचारा. बदली कामगाराला रोज पाळी सुरू होण्याआधी गेटवर जाऊन उभं राहावं लागे; कुणाचा खाडा असेल तर त्या दिवशी काम, नाहीतर परत खोलीवर. जॉबरची, म्हणजे कामावर माणसं घेणाऱ्या मुकादमाची, मर्जी सांभाळणं म्हणजे काय, हे त्या गेटवरच कळायचं.

दिवस निवडताना बुधवार टाळा, कारण भायखळ्याचं संग्रहालय बुधवारी बंद असतं. पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन लालबागला चालणं अवघड जातं. गणेशोत्सवात तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा गणपती पाहून होतो, गिरणगाव पाहून होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मी रविवार सुचवेन. गर्दी कमी असते हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे रविवारची सुट्टी हीच मुळात गिरणी कामगारांनी मिळवलेली गोष्ट आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून ही मागणी लावून धरली आणि १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस. शाळकरी मुलांना रविवारची सुट्टी फार जवळची असते, त्यामुळे गोष्ट इथूनच सुरू करा.

सकाळी भायखळ्याला उतरा आणि राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. हे गिरण्यांचं संग्रहालय नाही. १८७२ साली ते लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ मध्ये नाव बदललं आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ साली ते पुन्हा उघडलं. तिथे जायचं ते गिरण्या आल्या तेव्हाची मुंबई कशी दिसत होती हे पाहायला. मातीच्या छोट्या प्रतिकृतींमधून त्या काळातली माणसं, त्यांचे पेहराव, धंदे समोर दिसतात. मुलं तिथे रमतात. तिथल्या बाकावर बसून दहा मिनिटांत पार्श्वभूमी सांगून टाका: कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिथे सूत निघायला लागलं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हातात पैसा खेळू लागला. पुढच्या काही दशकांत त्यातूनच गिरण्या उभ्या राहत गेल्या. माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा हीच माणसं हजारोंनी गावाकडे पळाली, आणि दाटीवाटीच्या वस्त्यांचं काय करायचं या प्रश्नातून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. बीआयटी चाळी त्याच ट्रस्टच्या. संग्रहालयाला दीड तास पुरे. बागेतले प्राणी पाहायला थांबलात तर दिवस तिथेच संपेल, ते मुलांना आधीच सांगून ठेवा.

संग्रहालयाच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर इथेच देतो. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं आहे. दिवसाची आखणी त्याच्यावर विसंबून करू नका. निघण्याच्या आठवड्यात चौकशी करा, खुलं असेल तेवढं पाहा.

भायखळ्याहून बसनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गानं लालबागला या. इथे घाई करू नका. निम्मा दिवस लालबागलाच द्यावा असं माझं मत आहे. गणेश गल्लीचं मंडळ १९२८ चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं, आणि चिंचपोकळीचा चिंतामणी त्याही आधीचा, १९२० चा. या तारखा मुलांना सांगा आणि विचारा, हे सगळे गणपती एवढ्याशा जागेत का? उत्तर असं की ज्यांना सुट्टी कमी, खोली लहान आणि गाव लांब, त्यांनी आपला सण चाळीच्या तोंडाशी आणून बसवला. नंतर बाजारात शिरा. मसाल्याच्या दुकानांत मिरची कांडली जात असेल तर नाकाला रुमाल लावून का होईना, पण थोडा वेळ उभे राहा. कोकणी, घाटी, मालवणी असे वेगवेगळे मसाले इथे सांगाल तसे करून मिळतात, कारण इथला प्रत्येक कामगार आपल्या गावाची चव सोबत घेऊन आला होता. चिवडा गल्ली तिथून जवळच.

दुपारचं जेवण साध्या मराठी खाणावळीत घ्या, आणि जेवताना खाणावळीची गोष्ट सांगा, कारण गिरणगावातल्या बायकांचं काम त्याशिवाय कळत नाही. बहुतेक कामगार बायका-मुलांना गावी ठेवून एकटे राहत. एका गाळ्यात पंधरा-वीस जण, पाळीनुसार आळीपाळीनं झोपणारे. त्यांना दोन वेळचं जेवण घालायच्या त्या खाणावळवाल्या बायका. पैसे महिन्याला, पगार झाला की. म्हणजे महिनाभर उधारीवर किराणा भरायचा, सावकाराचं व्याज सोसायचं, आणि संप झाला की गावचा माणूस म्हणून उपाशी ठेवता यायचं नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. भोंग्याचे आणि संपाचे फोटो सगळीकडे असतात, या बायकांचे फार थोडे. तुमच्या आजोबांना जेवू घालणाऱ्या मावशींचं नाव आजीला आठवत असेल तर लिहून ठेवा.

साडेतीनच्या आत आजोबांच्या गिरणीच्या गेटावर पोहोचा. पहिली पाळी सुटायची आणि दुसरी आत शिरायची, ती ही वेळ. गेटाची जागा आता टॉवरच्या रखवालदाराची असेल, किंवा कुलूप लावलेला गंजका दरवाजा असेल. बंद गिरण्यांच्या आवारात शिरायचा प्रयत्न करू नका. परवानगी नसते आणि छपरं-जिने धोक्याचे आहेत. समोरच्या फुटपाथवर उभं राहून पाहिलं तरी पुष्कळ दिसतं. चौदा वर्षांच्या मुलाला हे दाखवा: उंच, अनेक मजली, ओळीनं खिडक्या असलेली इमारत दिसली तर ती बहुधा सूतकताईची. बुटकी, बैठी, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असलेली शेड दिसली तर ते साचा खातं. शेकडो साचे एकदम चालू झाले की जमीन हादरायची, म्हणून माग जमिनीवरच बसवत. छपराच्या दात्यांमधली उभी काच उत्तरेकडे तोंड करून असते, कारण तिकडून दिवसभर सारखा आणि सौम्य उजेड येतो. तुटलेला धागा डोळ्याला दिसायला तसा उजेड लागतो. आणि मुंबईच का, याचं एक उत्तर अंगाला चिकटणाऱ्या घामातच आहे. कोरड्या हवेत सूत तुटतं, इथली दमट हवा सुताला मानवते.

साचा खात्याची एक गोष्ट मात्र मुलांपासून लपवू नका. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागातून ये-जा करणारा तुकडा. जुन्या धोट्यात नवी कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, भरली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून बाहेर काढावं लागे. रोज कित्येक वेळा. एकानं ओढलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना साचा खात्यात घेतच नसत, आणि पगार तर त्या खात्यात चांगला होता. त्यांच्या वाट्याला रिंग खातं आणि इतर कमी पगाराची कामं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ राहिले. पोयबावडीजवळची ती चाळ तुमच्या वाटेवर घ्या. गिरणगावाची एकी खरी होती आणि ही फट पण खरी होती, दोन्ही सांगा.

इथे एक प्रसंग लिहितो. काही वर्षांपूर्वी कॉलेजची मुलं घेऊन मी अशाच एका गेटासमोर उभा होतो आणि साच्याबद्दल बोलत होतो. बाजूच्या पानाच्या टपरीवर एक आजोबा ऐकत होते. ते जवळ आले, एका मुलीच्या ओढणीचा सुटलेला दोरा मागून घेतला, तो तोडून दोन तुकडे केले आणि डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत धरून गाठ मारली. आम्हाला गाठ मारताना दिसलीच नाही. पुन्हा करा म्हटलं, पुन्हा केली, पुन्हा दिसली नाही. मग ते म्हणाले, "सावकाश येत नाही ओ ती. सावकाश केली की चुकते." बोलत होते मोठ्यानं, कारण साचा खात्यात बत्तीस वर्षं काढल्यावर कान गेले होते. ती गाठ इतकी बारीक होती की बोटाला लागत नव्हती. त्या मुलीनं तो दोरा वहीत चिकटवून ठेवला. तुम्ही गेटासमोर थोडा वेळ थांबलात, आजोबांचा पास हातात धरून उभे राहिलात, तर कुणीतरी येऊन विचारण्याची शक्यता बरीच आहे. लालबाग-परळमध्ये अजूनही "कुठल्या मिलचे?" हा ओळखीचा प्रश्न आहे.

संपाबद्दल मुलं विचारतीलच. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बोनस हे होतंच, पण मुळाशी एक कायदा होता. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना, आणि कामगारांचा विश्वास उडाला असला तरी वाटाघाटी तिनंच करायच्या. हा संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, माणसं गावाला गेली, काही परत आली, पुष्कळ आली नाहीत. कापड तोवर भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर विणलं जायला लागलं होतं. जमिनीची कथा त्यानंतरची. १९९१ च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला, असं साधारण सूत्र होतं. २००१ मध्ये ते बदललं आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल ग्राह्य धरला. आज समोर दिसणारे टॉवर एवढे जवळजवळ का आणि मैदानं एवढी कमी का, याचं उत्तर २००१ आणि २००६ या दोन सालांमध्ये आहे. मला याचं दुःख आजही होतं. मुंबईच्या मध्यावर एवढी जमीन पुन्हा कधी मोकळी होणार नव्हती.

भारतमाता थिएटरच्या नाक्यावरून करी रोड स्टेशनाकडे वळा आणि पूल ओलांडून ना. म. जोशी मार्गावर या. जुन्या लोकांचा हा डिलाईल रोड. ज्यांचं नाव रस्त्याला आहे त्या जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालयं, कामगारांची नाटकं यांना त्यातून बळ मिळालं. इथल्या बीडीडी चाळी पाहून घ्या, आणि लवकर पाहा. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सगळ्यांचे मिळून. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर पुनर्विकास सुरू आहे आणि वरळीत काही कुटुंबं नव्या, ५०० चौरस फुटांच्या घरांत राहायलाही गेली आहेत. जुन्या चाळी गेल्या म्हणून हळहळणाऱ्यांना मी एकच विचारतो, त्या खोलीत तुम्ही राहिला होतात का? माझी आई राहिली होती. तिला घरात संडास मिळाला तेव्हा ती साठीची होती.

चाळीत शिरण्यापूर्वी विचारा. सुरुवातीच्या काळात मी एका गटाला घेऊन चाळीच्या बोळातून गेलो आणि गटातल्या दोघांनी उघड्या दारातून आतल्या पंगतीचे फोटो काढले. घरातली बाई ताटावरून उठून आली आणि म्हणाली, "तुमच्या घरात असं कुणी येतं का?" त्यानंतर मी कॅमेरे खिशात ठेवल्याशिवाय कुणाला आत नेत नाही. तुम्ही मात्र आजोबांची खोली शोधत आलात असं सांगितलंत, तर बहुतेक वेळा चहाच मिळेल.

शेवटी संध्याकाळी लोअर परळ. सेनापती बापट मार्गावरच्या फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे आणि तिथे गिरणीची चिमणी उभी आहे. नातेवाईक म्हणतात तो हाच मॉल, पण मी तो मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण दिवसभर चालून आल्यावर त्या चिमणीकडे मुलं वेगळ्या नजरेनं पाहतात. ती एवढी उंच का ते विचारा. बॉयलरमधली गरम हवा वर चढते, चिमणी जितकी उंच तितकी खालची हवा जोरानं ओढली जाते आणि भट्टी चांगली पेटते. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज मुंबईत आली आणि हळूहळू यंत्रं विजेवर गेली. चिमणीचा बुंधा आणि शेंडा यांतला फरक पाहा, विटांचे थर मोजायला सांगा. जवळच्या मथुरादास किंवा टोडी मिलच्या कंपाउंडमध्ये जुन्या शेडमध्येच कार्यालयं आणि हॉटेलं आहेत. तिथे आत बसूनही मूळचे खांब, कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि उतरतं छप्पर पाहता येतं, आणि इथे कुणी अडवत नाही. तिथे चहा महाग पडेल, पण छपराखाली बसायला मिळतं म्हणून एकदा घ्यावा.

परतताना लोअर परळ स्टेशनहून दादर गाठा. पायात चपला नकोत, बूट घाला; दिवसभरात सात-आठ किलोमीटर चालणं होईल. पासाची झेरॉक्स काढून ती सोबत ठेवा, मूळ कागद घरीच असू द्या. आणि गिरणीचं नाव पक्कं कळलं की मला कळवा. गेट नेमकं कुठल्या गल्लीत होतं ते मी इथल्या जुन्या माणसांना विचारून सांगतो.